आधीचे लोक आणि नंतरची संहिता : केल्टांच्या उगमकथेचे वाचन

१

केल्ट कोठून आले, आणि ते येण्यापूर्वी त्या भूमीवर कोण राहत होते, हे दोन प्रश्न आज पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि आनुवंशिकी या ज्ञानशाखांचे मानले जातात. साहित्यसमीक्षेकडे ते क्वचितच सोपविले जातात. आयर्लंडपुरते पाहिले तर मात्र असे दिसते, की या ज्ञानशाखांचा जन्म होण्यापूर्वी कित्येक शतके हे प्रश्न एका साहित्यकृतीने विचारले होते आणि त्यांना कथेचे रूपही दिले होते. एकामागून एक लोकसमूह समुद्रावरून येतात, आधीच्यांना हटवितात आणि भूमी ताब्यात घेतात, हे ते रूप होय. पुढे आलेल्या शास्त्रांनी या कथेतील पात्रे बदलली, कालगणना बदलली, पुराव्यांचे स्वरूपही बदलले. कथानक मात्र बहुतांशी तेच राहिले. या कथानकाच्या चिवटपणाचा विचार केल्याशिवाय ‘केल्टपूर्व लोक’ या संकल्पनेची चिकित्सा पूर्ण होऊ शकत नाही.

ज्या संहितेचा येथे मुख्यतः विचार करावयाचा आहे, ती म्हणजे ‘लेवोर गवाला एरेन’. ११व्या शतकात आयर्लंडमधील विद्वानांनी मध्ययुगीन आयरिश भाषेत तिची जुळणी केली, आणि तिची अनेक पाठांतरे हस्तलिखितांतून शिल्लक आहेत. इंग्रजीत ती ‘आक्रमणांचा ग्रंथ’ या नावाने ओळखली जाते. वस्तुतः ‘गवाल’ या शब्दाचा मूळ अर्थ घेणे, धरणे, ताब्यात घेणे असा आहे. त्यात लष्करी चढाईची छटा असू शकते, पण ती अनिवार्य नाही. रिकाम्या भूमीवर वस्ती करणे हीसुद्धा एक ‘गवाल’च. ‘आक्रमण’ हा अनुवाद रूढ झाला, आणि त्याबरोबरच ही संहिता वाचण्याची एक दिशाही ठरून गेली.

२

संहितेची रचना थोडक्यात अशी. महापुरापूर्वी केसार नावाची स्त्री आपल्या सोबत्यांसह आयर्लंडला येते. पुरात सारे नष्ट होतात. त्यानंतर पार्थोलोन येतो; त्याचे लोक रोगाच्या साथीत मरतात. मग नेमेद, त्याचे वंशज समुद्रातून येणाऱ्या फोमोरी लोकांच्या जुलमाने देशोधडीला लागतात. त्या वंशजांपैकी काही ग्रीसमध्ये दास्यात राहून पिशव्यांतून माती वाहतात आणि परत येतात. ते फिर बोल्ग. त्यांच्या पाठोपाठ विद्या आणि जादू यांत निपुण असलेले तुआहा दे दानान येतात. शेवटी स्पेनहून मीलचे पुत्र येतात. हे मीलचे पुत्र म्हणजे गेल, अर्थात संहिता लिहिणाऱ्यांचे पूर्वज.

या सबंध क्रमात ‘केल्ट’ हा शब्द कोठेही येत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मध्ययुगीन आयरिश माणसाने स्वतःला केल्ट म्हटलेले नाही. हिरोडोटसने इ.स.पू. ५व्या शतकात डॅन्यूबच्या उगमाशी आणि युरोपच्या पश्चिम टोकाकडे केल्ट राहतात असे नोंदविले, सीझरने गॉलमधील एका विभागाचे लोक स्वतःला केल्ट म्हणवितात असे सांगितले. पण प्राचीन ग्रीक-रोमन लेखकांनी ब्रिटन आणि आयर्लंड येथील रहिवाशांना हे नाव लावले नव्हते. संहितेतील गेल आपला उगम सिथिया, इजिप्त आणि स्पेन असा शोधतात. कारण संहितेचा आराखडा बायबलमधून आणि ओरोसियस, सेव्हिलचा इसिदोर यांसारख्या लॅटिन ग्रंथकारांकडून आलेला आहे. ‘मील एस्पाने’ हे नाव म्हणजे ‘स्पेनचा सैनिक’ या लॅटिन शब्दप्रयोगाचे आयरिश रूपांतर होय. ९व्या शतकातील ‘हिस्तोरिया ब्रितोनुम’ या लॅटिन ग्रंथात तो सैनिक अद्याप बिननावाचाच आहे. एका सामान्यनामाचे विशेषनाम होते, आणि त्या विशेषनामातून एका राष्ट्राचा मूळपुरुष जन्माला येतो. ही प्रक्रिया वाङ्मयीन आहे, ऐतिहासिक स्मृतीची नव्हे.

असे असूनही ही संहिता केवळ पढिक जुळवाजुळव आहे असे म्हणून तिची बोळवण करता येत नाही. ‘आपल्या आधी येथे कोण होते’ या प्रश्नाचे तिने दिलेले उत्तर अत्यंत विलक्षण आहे. मीलच्या पुत्रांकडून पराभूत झालेले तुआहा दे नाहीसे होत नाहीत. ते जमिनीखाली जातात. आयर्लंडभर पसरलेले प्राचीन मातीचे आणि दगडांचे उंचवटे हे त्यांचे निवासस्थान बनतात. एका जुन्या कथेत तर असे आहे, की मीलच्या पुत्रांना भूमी मिळाली तरी धान्य आणि दूध मिळेना. तुआहा देंचा प्रमुख दाग्दा याच्याशी सख्य केल्यावरच ते मिळू लागले. जेत्यांच्या पूर्वजकथेत अशा प्रकारची कबुली यावी, ही गोष्ट साधी नाही. भूमी जिंकता येते, पण तिची सुफलता आधीच्यांच्या हाती राहते, असे ही कथा सांगते. ‘आधीचे लोक’ हे येथे वांशिक वर्णन नसून एक कथनात्म कार्य आहे. नंतर आलेल्यांचा भूमीवरील हक्क अपुरा असल्याची जाणीव त्या कार्यातून व्यक्त होते.

३

‘केल्ट’ ही संज्ञा आयर्लंडला चिकटली ती बऱ्याच उशिरा, आणि तीही ग्रंथांतूनच. जॉर्ज ब्यूकॅनन याने १५८२ मध्ये ब्रिटनमधील जुन्या भाषांचा संबंध गॉलशी जोडला. पोल-इव्ह पेझ्रों या ब्रेतों मठाधिपतीने १७०३ मध्ये केल्टांच्या प्राचीनत्वावर ग्रंथ लिहिला. १७०७ मध्ये एडवर्ड ल्विड या वेल्श विद्वानाने वेल्श, कॉर्निश, ब्रेतों आणि आयरिश भाषांचे नाते शब्दसूचींच्या आधारे पद्धतशीरपणे मांडले. ल्विडचे भाषिक काम पक्के होते. भाषाकुलाला एक नाव मिळाले. पण नाव मिळताच ते भाषेपुरते राहिले नाही, त्यातून एका ‘लोकां’ची कल्पना उभी राहिली.

१९व्या शतकात या कल्पनेला स्वभावधर्मही प्राप्त झाला. ब्रिटनीत जन्मलेल्या एर्नेस्त रेनां याने १८५४ मध्ये केल्टिक वंशांच्या काव्यावर निबंध लिहिला. त्याच्या पाठोपाठ मॅथ्यू अर्नल्ड याने ऑक्सफर्डला दिलेली व्याख्याने १८६७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. केल्ट हा भावनाशील, विषण्ण, निसर्गाच्या जादूने भारलेला आणि वस्तुस्थितीच्या जुलमाविरुद्ध बंड करणारा असतो, असे चित्र या लेखनातून रूढ झाले. अर्नल्डला केल्टिक भाषा अवगत नव्हत्या. वेल्श भाषा व्यवहारातून जितक्या लवकर जाईल तितके बरे, असेही त्याचे मत होते. म्हणजे ज्या साहित्याचा गौरव करावयाचा, त्याची भाषा मात्र गतकाळात जमा व्हावी अशी अपेक्षा. तुआहा देंना मीलच्या पुत्रांनी उंचवट्यांखाली धाडले, तसेच अर्नल्डने जिवंत वेल्श आणि आयरिश भाषकांना ‘केल्टिक प्रतिभे’त धाडले, असे म्हणता येईल. ‘आधीचे लोक’ ही जागा आता खुद्द केल्टांना मिळाली. उगमाच्या कथेतील पात्रे अशी सरकत राहतात, रिकामी जागा मात्र कायम असते.

याच सुमारास पुरातत्त्वाचीही भर पडली. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे १८४६ पासून दफनभूमीचे उत्खनन झाले, स्वित्झर्लंडमधील ला तेन येथे १८५७ पासून लोहयुगीन वस्तू मिळाल्या. विशिष्ट नक्षीच्या वस्तू, विशिष्ट भाषा आणि विशिष्ट लोक हे तीन घटक एकरूप मानले गेले. ला तेन शैलीच्या काही वस्तू आयर्लंडमध्ये सापडतात. तेव्हा त्या वस्तूंबरोबर केल्टही आले असले पाहिजेत, असे अनुमान निघाले. टी. एफ. ओराहिली यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात आयरिश परंपरेतून चार क्रमिक आगमनांचा इतिहास काढून दाखविला, आणि ‘लेवोर गवाला’ हा त्या इतिहासाचा विपर्यास असल्याचे प्रतिपादिले. पण ज्या संहितेला विपर्यस्त म्हणावयाचे, तिचाच साचा वापरून इतिहास उभारावयाचा, ही या प्रतिपादनातील अडचण होती. ‘लेवोर गवाला’ची पाच खंडांतील संपादित आवृत्ती (१९३८–१९५६) सिद्ध करणारे आर. ए. एस. मॅकॅलिस्टर हे व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ होते, ही गोष्टही सूचक मानावी लागेल.

४

उगमशोधाच्या या वाचनपद्धतीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचला आहे. केल्टिक भाषा इंडो-युरोपीय कुलातील आहेत हे संस्कृतशी तुलना करूनच १९व्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाले. संस्कृत ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’ आणि प्राचीन आयरिश ‘अथिर’ या मालिकेत केल्टिक भाषांनी आरंभीचा पकार गमावलेला दिसतो. ‘राजन्’ आणि ‘री’, ‘देव’ आणि ‘दिआ’ यांचे नातेही तसेच नियमबद्ध आहे. ही सिद्धता निर्दोष आहे. परंतु शब्दांच्या नात्यावरून कथांच्या नात्याकडे आणि तेथून आदिभूमीकडे जाणारी वाट तितकी पक्की नाही. ऑक्सफर्डचे पहिले केल्टिक प्राध्यापक जॉन राइस यांनी १८८६ च्या हिबर्ट व्याख्यानांत आयरिश कथांचा अर्थ सूर्यकथांच्या अंगाने लावला होता. लोकमान्य टिळकांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) या ग्रंथात तुलनात्मक दैवतकथांचा विचार करताना राइस यांच्या या विवेचनाचा आधार घेतला. अल्स्टरचे वीर ठरावीक काळ निर्बल होऊन पडतात आणि एकटा कू खुलिन लढत राहतो, या कथाभागात ध्रुवप्रदेशातील दीर्घ रात्रीची आठवण दिसते, असा हा अर्थ होता.

टिळकांची बुद्धिमत्ता आणि व्यासंग यांविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो वाचनपद्धतीचा. अल्स्टरच्या वीरांना दुर्बलता का येते, याचे कारण आयरिश कथा स्वतःच सांगते. माखा नावाच्या स्त्रीला, ती आसन्नप्रसवा असताना, राजाच्या घोड्यांशी शर्यत धावावयास भाग पाडले जाते. ती दयेची याचना करते, जमलेल्यांपैकी कोणीही तिच्या बाजूने बोलत नाही. शर्यत जिंकून ती जागीच प्रसूत होते आणि शाप देते, की संकटाच्या वेळी अल्स्टरच्या पुरुषांना प्रसववेदना भोगाव्या लागतील. येथे दुर्बलतेला नैतिक आशय आहे. राजसभेने जे दुःख पाहून न पाहिल्यासारखे केले, तेच दुःख तिच्या देहात परतते. या कथेचा अर्थ ध्रुवावरील रात्र असा केला, की माखा, तिची याचना आणि सभेचे मौन हे सारे अनावश्यक ठरते. उगमाचा शोध घेणारे वाचन संहितेतून एक वस्तुस्थिती काढून घेते आणि संहिता जे सांगू पाहते ते मागे टाकून देते.

अशाच प्रकारचा मोह तुआहा दे दानान आणि ‘दनु’, ‘दानव’ यांच्या तुलनेतही आहे. भारतीय अभ्यासकाला ही तुलना सहज सुचते. पण जुन्या आयरिश लेखनात या लोकांचे नाव नुसते ‘तुआह दे’, म्हणजे देवांचा समूह, असे येते. ‘दानान’ ही जोड नंतरची आहे. उत्तरकालीन रूपावर आदिम नात्याची इमारत उभी राहू शकत नाही.

५

मग संहितेत दूरच्या भूतकाळाची स्मृती असूच शकत नाही काय? अलीकडच्या एका उदाहरणाने हा प्रश्न पुन्हा धारदार केला आहे. आयर्लंडमधील बॉइन नदीच्या खोऱ्यातील न्यूग्रेंज ही दगडी समाधी सुमारे इ.स.पू. ३२०० ची. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी उगवत्या सूर्याचा किरण तिच्या गाभाऱ्यात पोहोचतो. २०२० मध्ये आनुवंशिकी अभ्यासकांनी असे दाखविले, की या समाधीत ज्याची अस्थी मिळाली तो पुरुष भाऊ-बहीण किंवा पालक-अपत्य अशा निकटतम संबंधातून जन्मलेला होता. शेजारच्याच डाउथ येथील समाधीविषयी मध्ययुगीन आयरिश स्थलकथांत राजा ब्रेसल आणि त्याची बहीण यांची कथा आहे, आणि त्या समाधीच्या एका जुन्या नावाचा अर्थ ‘पापाचा उंचवटा’ असा लावला जातो. चार हजार वर्षांची स्मृती या कथेत टिकली असावी काय, असा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला.

कथा नीट वाचली तर ती काय सांगते? ब्रेसलच्या काळात गुरांवर रोग पडून फार थोडी जनावरे उरतात. राजा निम्रोदाच्या मनोऱ्यासारखा, स्वर्गाला पोहोचणारा उंचवटा बांधावयास काढतो. लोक एकाच दिवसाचे श्रम देण्याचे कबूल करतात. तो दिवस संपू नये म्हणून राजाची बहीण मंत्राने सूर्य थांबविते. राजा तिच्याशी संग करतो. मंत्र भंगतो, अंधार पडतो, लोक काम सोडून निघून जातात, आणि ‘अंधार’ या अर्थाचे नाव त्या जागेला राहते. या कथेचा सांगाडा बायबलमधील बाबेलच्या मनोऱ्याचा आहे. सूर्य थांबविण्याचा प्रसंगही बायबलच्या वाचकाला अपरिचित नाही. संशोधकांच्या सारांशात राजाच्या कृतीने दिवस-रात्रीचे चक्र पुन्हा सुरू होते. संहितेत मात्र हीच घटना अपयशाची आहे. सत्तेचा अतिरेक बांधकाम अपुरे ठेवतो. एकाच घटनेला विधी म्हणून वाचावयाचे की अपराध म्हणून, यावर सारा अर्थ अवलंबून आहे, आणि ही निवड प्रयोगशाळेत होऊ शकत नाही. शिवाय २०२५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी असाही आक्षेप घेतला, की कवटीच्या एका लहानशा तुकड्यावरून राजवंशाची कल्पना करणे घाईचे आहे.

याचा अर्थ नव्या शास्त्रांचे निष्कर्ष दुर्लक्षिण्यासारखे आहेत असा नव्हे. १९६६ मध्ये ग्रॅहॅम क्लार्क यांनी ब्रिटिश पुरातत्त्वातील ‘आक्रमण-गृहीतका’वर प्रखर टीका केली होती, आणि नंतरच्या दशकांत लोकांच्या स्थलांतराची कल्पनाच संशयास्पद ठरू लागली. माल्कम चॅपमन यांनी १९९२ मध्ये आणि सायमन जेम्स यांनी १९९९ मध्ये केल्ट ही बरीचशी आधुनिक घडण असल्याचे मांडले. प्राचीन अस्थींतील जनुकांच्या अभ्यासाने हा संशयवादही अपुरा ठरविला. उत्तर आयर्लंडमधील बॅलिनाहॅटी येथील नवाश्मयुगीन शेतकरी स्त्री आणि रॅथलिन बेटावरील कांस्ययुगीन पुरुष यांची वंशपरंपरा भिन्न असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ब्रिटनमध्ये इ.स.पू. २५०० नंतरच्या काही शतकांत सुमारे ९० टक्के जनुकीय वारसा बदलल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. आधीचे लोक होते आणि नंतरचे आले, हे खरे ठरले. पण हा बदल हालश्टाट आणि ला तेन यांच्या फार पूर्वीचा आहे. जनुकांना भाषा नसते. त्या आगंतुकांची भाषा केल्टिकची पूर्वज होती की नंतर लोप पावलेली दुसरीच कोणती, हे अस्थी सांगत नाहीत. म्हणूनच केल्टिक भाषांचा उगम अटलांटिक किनाऱ्यावर मानणारा, २०१० नंतर बॅरी कन्लिफ आणि जॉन कॉख यांनी पुढे आणलेला पक्ष आणि २०२० मध्ये पॅट्रिक सिम्स-विल्यम्स यांनी सुचविलेला फ्रान्सच्या परिसरातील मध्यवर्ती उगमाचा पक्ष हे दोन्ही आजही वादाचे विषय आहेत.

या सर्व वादात ‘आधीच्या लोकां’चा स्वतःचा आवाज मात्र ऐकू येत नाही. न्यूग्रेंज बांधणाऱ्यांचा एकही शब्द निश्चितपणे आपल्यापर्यंत आलेला नाही. मध्ययुगीन आयरिश लेखकांना या अडचणीची जाणीव होती, आणि तिचे उत्तर त्यांनी तुआन मॅक काइरिलच्या कथेत दिले आहे. साथीतून वाचलेला पार्थोलोनच्या लोकांतील हा एकटा पुरुष. वार्धक्य आले की तो रूप बदलतो : हरीण, रानडुक्कर, बहिरी ससाणा, आणि शेवटी सामन मासा. एकामागून एक येणारे लोक तो पाहत राहतो. अखेर मासा पकडला जातो, काइरिलची राणी तो खाते, आणि तुआन तिच्या पोटी मनुष्यरूपात पुन्हा जन्म घेतो. पुढे तो हा सारा इतिहास एका ख्रिस्ती संताला सांगतो.

ही कथा इतिहास म्हणून अर्थातच अविश्वसनीय आहे. परंतु इतिहास कसा शिल्लक राहतो याविषयीचे तिचे आकलन प्रगल्भ आहे. आधीच्या माणसाची साक्ष हवी असेल तर ती नंतरच्यांच्या पोटातूनच यावी लागते. शिजून, पचून, नव्या आईचे रक्त घेऊन. ती साक्ष ऐकणाराही एक संत असतो, त्याची भाषा आणि त्याची श्रद्धा तिला वळण देते. शुद्ध उगम असा काही उरत नाही. ओराहिलींपासून जनुकतज्ज्ञांपर्यंत अनेकांनी आयरिश संहितांना पूर्वस्मृतीचे भांडार मानले. अर्नल्डने त्यांत वंशस्वभाव शोधला, टिळकांनी ध्रुवरात्र शोधली. या सर्वांच्या कितीतरी आधी त्या संहितेने स्वतःच सांगून ठेवले होते, की आपल्यात जे काही आहे ते रूपांतरित होऊनच आले आहे. समीक्षेचे काम त्या रूपांतराचा माग घेण्याचे आहे. मासा खाऊन झाल्यावर नदीत तो शोधत बसणे हे तिचे काम नव्हे.